सहा आठवडे चालूनही काटा हलला नाही, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. सहा आठवडे आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास चालणं सुरू आहे, एकही आठवडा बुडवलेला नाही. मनगटावरचं घड्याळ दर वेळी ३८० कॅलरी जळल्याचं दाखवतं. खाण्यात मुद्दाम काही बदललेलं नाही. आणि काटा ७८ वरून ७८.४ वर गेलाय. 'मला व्यायाम लागू पडत नाही का? जिम लावू की पळायला सुरुवात करू?'

व्यायाम तुम्हाला लागू पडतोय, बहुधा छानच पडतोय. तो कुठे मोजायचा आणि त्याच्याकडून काय मागायचं, गडबड तिथे झाली आहे. जिम की पळणं याकडे येतोच, पण आधी सहा आठवड्यांत किती वजन उतरायला हवं होतं ते पाहू. माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी हा हिशोब आधी मांडून आलेलं क्वचितच कोणी असतं.

शांत बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्याला एक मेट म्हणतात. ताशी पावणेपाच-पाच किलोमीटरच्या वेगानं सपाटीवर चालणं साधारण ३.५ मेट. मेट गुणिले वजन गुणिले तास केलं की कॅलरी निघतात (इथे कॅलरी म्हणजे पाकिटांवर छापलेली असते तीच, किलोकॅलरी). तुमच्यासाठी ३.५ × ७८ × ०.७५ म्हणजे सुमारे २०५. पण त्या पाऊण तासात तुम्ही खुर्चीत बसून असतात तरी ५८ कॅलरी जळल्याच असत्या. त्या वजा केल्या की चालण्यामुळे झालेला जादा खर्च उरतो जेमतेम १४६. आठवड्याला पाच वेळा, म्हणजे ७३०. सहा आठवड्यांत ४,३८० च्या आसपास.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. भागाकार करा: ५७० ग्रॅम. खाणं कणभरही वाढलं नाही आणि दिवसभराची बाकीची हालचाल जराही घटली नाही, तर सहा आठवड्यांच्या प्रामाणिक चालण्याचं चरबीच्या भाषेत उत्तर एवढंच. अर्ध्या किलोहून थोडं जास्त.

घड्याळाच्या आकड्यानं हाच हिशोब केला तर ३८० × ३० = ११,४०० कॅलरी, म्हणजे जवळजवळ दीड किलो. तुमची अपेक्षा नकळत इथून आली आहे. घड्याळ नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजतं, कॅलरी मात्र अंदाजानं सांगतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात घड्याळं तपासली होती. त्यातल्या सर्वांत अचूक घड्याळाचीही कॅलरीतली चूक सरासरी २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. शिवाय बरीच घड्याळं त्या वेळात बसून जळल्या असत्या त्या कॅलरीही बेरजेत धरतात. सेटिंगमध्ये 'एकूण' आणि 'सक्रिय' असे दोन आकडे वेगळे दिसत असतील तर सक्रिय बघा, आणि तोही निम्मा धरून चाला.

आता ५७० ग्रॅम कमी व्हायला हवे होते तर ४०० ग्रॅम वाढले कसे? चरबी उतरली नाही असा निष्कर्ष यावरून निघत नाही. काटा चरबी मोजत नाही. हाडं, पाणी, आतड्यातलं अन्न, सगळ्याची बेरीज तो दाखवतो. व्यायाम नव्यानं सुरू केला की शरीर पाणी साठवतं, तेही एकापेक्षा जास्त ठिकाणी. स्नायूंमध्ये साखरेचा जो साठा असतो, म्हणजे ग्लायकोजेन, तो नियमित व्यायामानं वाढतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. साठा १०० ग्रॅमनं वाढला तर काट्यावर ४०० ग्रॅम दिसतात. दमाचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रवभागही वाढतो, दोन-तीनशे मिलिलिटर सहज. (ही चांगली खूण आहे, हृदयाला प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त ढकलता येतं.) न सरावलेले स्नायू दुखतात तेव्हा त्यांच्यात थोडी सूज असते, तिथेही पाणीच. त्यात आदल्या दिवशीचं खारट खाणं आणि पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस धरले तर अर्धा-पाऊण किलोची चरबी या पाण्यामागे सहज लपते. तुमच्या शरीरात नेमकं कुठे किती पाणी वाढलं हे मला इथून सांगता येणार नाही. एवढं नक्की की ७८ आणि ७८.४ या दोन आकड्यांतून चरबीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. एखाद्या माणसाचं वजन एका दिवसात एक-दीड किलो वरखाली होतं. त्यात अर्धा किलो शोधणं म्हणजे लाटा उसळत असताना भरती आली की ओहोटी हे एका लाटेवरून ठरवणं.

हे झालं पाण्याचं. दुसरी शक्यताही तपासायला हवी, कारण पाण्यावर ढकलून मोकळं होणं सोपं असतं. ३० ग्रॅम बदाम, म्हणजे एक लहान मूठ, सुमारे १७५ कॅलरीचे असतात. तुमच्या पाऊण तासाच्या चालण्याची निव्वळ कमाई १४६. चालून आल्यावर 'आज चाललेय तर' म्हणून तोंडात टाकलेली एक मूठ पुरते, हिशोब उलटा होतो. एक मोठा चमचा तेल १२० कॅलरी, खेळाडूंच्या पेयाची अर्ध्या लिटरची बाटली साधारण तेवढीच. 'मी खाण्यात काही बदल केला नाही' हे लोक मनापासून सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. भूक थोडी वाढते, वाढप थोडं सैल होतं, आणि हे लक्षात येत नाही कारण रोजचा फरक एका घासाएवढाच असतो. हालचालीचंही तसंच. सकाळी दमून आलेला माणूस दुपारी जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, संध्याकाळी सोफ्यावर जरा जास्त पडतो. व्यायामात कमावलेल्या कॅलरींचा चांगला मोठा भाग अशा रीतीनं परत जातो. ही भरपाई कोणात जास्त, कोणात कमी. म्हणूनच एकच व्यायाम करणाऱ्या दोन मैत्रिणींना वेगवेगळं फळ मिळतं.

शरीर आतूनही काटकसर करतं असं मानायला जागा आहे. टांझानियात हाडझा नावाची शिकार आणि कंदमुळं गोळा करून जगणारी जमात आहे. रोज मैलोन्‌मैल चालणारे लोक. २०१२ मध्ये अमेरिकन मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला तर तो शरीराचा आकार लक्षात घेता, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य लोकांइतकाच निघाला. यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत आणि यावरून 'व्यायामानं कॅलरी जळतच नाहीत' असं म्हणणं चूक आहे. पण व्यायामाची प्रत्येक कॅलरी आधीच्या खर्चात सरळ मिळवायची, हे गणित प्रत्यक्षात पूर्ण उतरत नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

मग नुसत्या व्यायामानं जास्तीत जास्त किती उतरू शकतं? चांगला दाखला २०१३ साली अमेरिकेतले व्यायाम-संशोधक जोसेफ डॉनेली यांच्या गटानं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा आहे. लठ्ठपणाकडे झुकलेली तरुण माणसं, आठवड्यातून पाच दिवस, दहा महिने, देखरेखीखाली व्यायाम, आहारात कोणतंही बंधन नाही. एका गटाला दर वेळी ४०० कॅलरी जाळायला लावल्या, दुसऱ्याला ६००. दहा महिन्यांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी ३.९ किलोनं आणि दुसऱ्याचं ५.२ किलोनं उतरलं. तुमच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट आणि त्याहूनही जास्त खर्च, पहारा ठेवून करून घेतलेला, दहा महिने. आणि फळ चार-पाच किलो. त्यातही कोणाचं बरंच उतरलं, कोणाचं फार थोडं. घरच्या घरी, कामं सांभाळून चालणाऱ्या माणसाला नुसत्या चालण्यानं सहा महिन्यांत दोन किलो उतरले तर मी त्याला यश म्हणतो. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेची (अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन) २००९ सालची भूमिकाही याच अंगाची आहे: आठवड्याला १५० ते २५० मिनिटं व्यायामानं वजन वाढणं थांबतं, उतरतं मात्र थोडंच. लक्षात येण्याजोगं उतरायला २५० मिनिटांच्या वर जावं लागतं. तुम्ही २२५ वर आहात.

इथवरचं एका ओळीत सांगायचं तर, तुमच्या चालण्यातून सहा आठवड्यांत अर्धा किलो चरबी जायला हवी होती, ती गेलेली असू शकते, आणि काटा ती दाखवू शकत नाही.

वजन उतरवण्याचा मोठा वाटा खाण्यातून येतो, हे आता आकड्यातच पाहा. तुमच्या वय-उंची-वजनाला अंथरुणावर पडून राहिलं तरी लागणारी ऊर्जा सूत्रानं सुमारे १,४०० कॅलरी येते. हलकी हालचाल धरून दिवसाला १,९५० च्या आसपास. त्यातून रोज ३५० कमी केल्या तर आठवड्याला २,४५० होतात. चालण्याच्या ७३० त्यात मिळवा, ३,१८० झाल्या. म्हणजे आठवड्याला ४०० ग्रॅम, कागदावर. यातला व्यायामाचा वाटा पावापेक्षाही कमी आहे. ३५० कॅलरी कमी करणं म्हणजे उपाशी राहणंही नाही. स्वयंपाकातलं तेल दिवसाला दोन मोठे चमचे कमी केलं की २४० होतात, बाकीच्या गोड पेयातून किंवा मधल्या वेळच्या खाण्यातून निघतात. आधी फक्त चार दिवस, त्यातला एक सुट्टीचा, तोंडात जाणारं सगळं वजन करून लिहा. काहीही न बदलता. बहुतेकांना ३५० कॅलरी कुठून काढायच्या ते या चार दिवसांच्या वहीतच सापडतं. जेवण सोडणं, एकदम हजार-बाराशे कॅलरींवर येणं नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भूक त्याचा सूड घेते आणि चालायला पायात जोर राहत नाही.

मग व्यायाम कशाला, असं तुम्ही विचाराल. माझं मत यावर ठाम आहे: व्यायाम हे वजन उतरवण्याचं कमजोर साधन आहे आणि उतरलेलं वजन टिकवण्याचं भक्कम साधन आहे. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर उतरलेल्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायू जातात. ताकदीचा व्यायाम आणि पुरेसं प्रथिन हे नुकसान बरंच रोखतात. टिकवण्याचं म्हणाल तर अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते, किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्यांची. त्यातली बहुतेक माणसं दिवसाला तासाभराच्या आसपास व्यायाम करतात, मुख्यतः चालतात. ती स्वतःहून नोंदलेली माणसं आहेत, सगळ्या जगाचा नमुना नव्हे. तरी खूण पुरेशी बोलकी आहे.

आणि वजन न उतरताही खूप काही होतं. एका वेळच्या चालण्यानंतर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास स्नायू रक्तातली साखर जास्त सहज घेतात. रक्तदाब वाढलेला असेल तर दोन-तीन महिन्यांत वरचा आकडा सरासरी पाचेकनं उतरतो. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी आणि यकृतातली चरबी व्यायामानं कमी होते, कधी काटा जागचा न हलताही. म्हणून कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप ठेवायची, श्वास सहज सोडायचा, टेप कातडीत रुतवायची नाही, दोनदा मोजून सरासरी घ्यायची. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी मात्र जात नाही. चरबी कुठून आधी निघणार हे शरीर ठरवतं, व्यायामाचा प्रकार नाही.

वजन करायचंच तर नीट करा. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तोच काटा, कडक फरशीवर. रोज करा आणि रोजचा आकडा विसरा. समजा आठवडाभर ७८.४, ७७.९, ७८.६, ७८.१, ७९.०, ७८.३, ७७.९ आले. यातल्या पाचव्या दिवशी माणूस रडकुंडीला येतो आणि सातव्या दिवशी पेढे वाटावेसे वाटतात, पण त्या आठवड्याचं वजन एकच आहे: ७८.३. पुढच्या आठवड्याची सरासरी याच्याशी ताडायची. पाळी येत असेल तर त्याहून चांगलं म्हणजे या चक्राचा दुसरा आठवडा पुढच्या चक्राच्या दुसऱ्या आठवड्याशी ताडणं. रोज काट्यावर चढून मन खराब होत असेल तर महिन्यातून चार दिवस सलग करा. काट्यावर पाय ठेवल्यावर चरबीचे टक्के सांगणाऱ्या यंत्रांचं मनावर घेऊ नका. पाणी किती प्यालात, पाय ओले आहेत की कोरडे, यावरही तो आकडा हलतो.

काट्याशिवाय दोन मोजमापं मी प्रत्येकाला सुरुवातीला करायला लावतो, कारण ती आधी हलतात. एक, भिंतीला टेकवलेली बिनहाताची खुर्ची, साधारण ४३ सेंटिमीटर उंच. हात छातीवर फुलीसारखे. तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. आज ११ झाले तर आठ आठवड्यांनी १४-१५ व्हायला हवेत. दोन, तोच रस्ता, तेवढ्याच वेळात, आणि संपताना नाडीचे ठोके. सुरुवातीला १३२ असतील आणि दोन महिन्यांनी त्याच वेगाला १२२ आले, तर काटा काहीही म्हणो, हृदय जास्त ताकदवान झालं आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दाबलेले असतात. तेव्हा ठोके सोडा आणि दम किती लागतो ते लिहा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जिम की पळणं. आत्ता पळणं नको. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीचपट जोर जमिनीवरून परत येतो. दम सहा आठवड्यांत तयार होतो, नडगी, टाच आणि गुडघ्याचे दोर (स्नायू हाडाला बांधणारे पट्टे) तयार व्हायला महिने लागतात. दम पुरतो म्हणून माणूस वेग वाढवतो आणि आठव्या-नवव्या आठवड्यात टाच धरून बसतो, ही या क्षेत्रातली नेहमीची गोष्ट. पळण्यानं मिनिटाला जास्त कॅलरी जळतात हे खरं, ताशी आठ किलोमीटरच्या वेगानं वीस मिनिटांत तुमच्या वजनाला निव्वळ १९० जळतील. पण दुखापतीनं महिनाभर घरी बसलात तर ती बेरीज शून्य.

त्याऐवजी चालण्यातच चढ घाला. पाचपैकी दोन दिवस: पाच मिनिटं रमतगमत, मग तीन मिनिटं अशा वेगानं की अर्धं वाक्य बोलून थांबावं लागेल, दोन मिनिटं सावकाश. असे पाच फेरे, शेवटी पाच मिनिटं हळू. बाकीचे तीन दिवस पूर्ण वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढाच वेग. आधी वेळ वाढवायची, मग वेग. दोन्ही एकाच आठवड्यात नाही. हळू चाललं तरच चरबी जळते म्हणून ठोके मुद्दाम खाली ठेवणारे लोक भेटतात. त्या वेळी इंधन म्हणून काय जळलं यानं फारसा फरक पडत नाही, दिवसाअखेर बाकी काय उरली यानं पडतो. जाड जॅकेट घालून घाम काढण्याचंही तेच. गेलेलं पाणी दोन ग्लासांत परत येतं.

जिम लावायची असेल तर ताकदीसाठी लावा, तिथल्या ट्रेडमिलसाठी नको. आणि जिमशिवायही चालतं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून: खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीवर हात टेकून दंड, पाठीवर झोपून पाय दुमडून कंबर उचलणं, रबरी पट्टा दाराला अडकवून तो पोटाकडे ओढणं, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन तीस सेकंद ताठ चालणं. पहिल्या चार प्रकारांचे ८ ते १२ च्या मोजणीचे दोन सेट, मध्ये दीड मिनिट विश्रांती. सेट संपताना 'अजून दोन-तीन जमले असते' असं वाटायला हवं. पाच-सहा जमले असते असं वाटलं तर व्यायाम हलका झाला, भिंतीऐवजी टेबलाच्या कडेवर हात टेका, खुर्चीवर बसताना चार सेकंद घ्या, हातात वजन धरा. पूर्ण सत्र तीस-पस्तीस मिनिटांचं. प्रथिन दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुम्हाला ९० ते ९५ ग्रॅम, तीन जेवणांत विभागून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

स्नायू वाढले की बसल्या जागी खूप कॅलरी जळतील, ही आशाही जरा बेतानं ठेवा. एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी घेतो. तुमच्या वयात दोन किलो स्नायू कमावायला वर्ष लागेल आणि रोजचा फायदा २६ कॅलरी. ताकदीचा व्यायाम करायचा तो गुडघ्यांसाठी, हाडांसाठी आणि उतरत्या वजनात स्नायू शाबूत राहावेत म्हणून.

ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर काटा पुन्हा किलोभर वर जाईल, आत्ताच सांगून ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखतील. दोन्ही बाजूंना सारखं, बोथट, हालचालीनंतर मोकळं होणारं दुखणं असेल तर काळजी नको. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं, टोचणारं, चालताना वाढत जाणारं दुखणं असेल तर थांबा. सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच ठणकते आणि मग बरी होते, हे तळव्याच्या पट्ट्यावर ताण आल्याचं लक्षण. लगेच अंतर निम्मं करा, अनवाणी चालणं बंद करा आणि दिवसातून दोनदा पोटरीला ताण द्या. रेटून चालत राहिलात तर पंधरा दिवसांचं काम सहा महिन्यांवर जातं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुमच्या प्रश्नात नाहीत म्हणून विचारतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायाम आणि आहार दोन्ही एकदम बदलण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्या, साखर झपकन उतरू शकते. स्टेरॉइड, काही मानसोपचाराची औषधं, इन्सुलिन यांनी वजन वाढतं किंवा उतरत नाही. औषध स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांकडे विषय काढा. थायरॉइड मंदावलेलं असेल तर रक्त तपासून औषध सुरू होतंच, पण त्यामुळे वाढलेलं वजन सहसा थोडंच असतं, सगळ्याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. आणि चालताना छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, घेरी, किंवा नेहमीच्या चढाला अचानक न झेपणारी धाप यापैकी काहीही झालं तर जागेवर थांबा आणि त्याच दिवशी दाखवा.

खाणं ३५० नं कमी आणि व्यायाम वरच्यासारखा, असं धरलं तर पहिल्या महिन्यात काटा तुम्हाला गोंधळवेल. तिथून पुढे महिन्याला एक ते दीड किलो हा चांगला वेग आहे. पहिलं लक्ष्य पाच टक्के ठेवा, म्हणजे तुमच्यासाठी ३.९ किलो, साखर, रक्तदाब, यकृतातली चरबी यांत फरक दिसायला तेवढं पुरतं. तीन ते चार महिने धरा. मग वेग मंदावेल, आणि तो तुमचा आळस नसेल. शरीर हलकं झालं की तेच चालणं कमी कॅलरीत होतं, आणि भूकही वाढते. उतरलेल्या दर किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते असा एक अंदाज २०१६ साली निघाला. अशा वेळी चार आठवडे मुद्दाम आहे त्या वजनावर थांबणं, आहाराची वही पुन्हा चार दिवस लिहिणं, आणि मग ठरवणं बरं. सरासरी सलग चार आठवडे जागची हलली नाही तरच बदल करा, दोन आठवड्यांत नको.

बारा आठवड्यांनी परत लिहाल तेव्हा एवढे आकडे द्या: पहिल्या आणि बाराव्या आठवड्याची सरासरी, कंबर, खुर्चीची मोजणी, आणि त्या चार दिवसांच्या वहीत काय सापडलं ते. घड्याळाच्या कॅलरी नकोत.